वाड्याचे संग्रहालय करायचे, तर आधी कागद आणि कौले

वाई तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावातून काही ग्रामस्थांनी विचारणा केली आहे. गावात उत्तर पेशवाईतील दोन चौकी वाडा आहे. वारसदारांपैकी काही पुण्यात, काही मुंबईत आणि एक परदेशात आहेत. दोघे वाडा गावाच्या संग्रहालयासाठी देण्यास तयार आहेत, बाकीचे अजून स्पष्ट बोललेले नाहीत. तरुण मंडळाने वर्गणी जमवली आहे, घरोघरी पडून असलेली हत्यारे, भांडी, मोडी कागद द्यायला लोक पुढे आले आहेत आणि येत्या शिवजयंतीलाच उद्घाटन उरकावे असा आग्रह आहे. सुरुवात कोठून करावी, वाडा पुरातत्त्व खात्याच्या हवाली करावा का आणि वर्षानुवर्षांचा खर्च कसा भागवावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे आणि अशा मंडळांबरोबर बसून आखणी करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

उद्घाटनाची तारीख आधी मोकळी सोडा. शिवजयंतीला काही करायचेच असेल, तर शाळेच्या वर्गात जुन्या छायाचित्रांचे आणि कागदांचे एक दिवसाचे प्रदर्शन भरवा. त्या निमित्ताने कोणाकडे काय आहे याची यादीही आपोआप तयार होईल. गावची संग्रहालये पैशाअभावी बंद पडतात असे सर्रास म्हटले जाते. मी पाहिलेल्या ठिकाणी पैसा कमी होता हे खरे, परंतु ती बंद पडली ती मुख्यतः वाड्यावर कायदेशीर हक्क कोणाचा आणि रोजची जबाबदारी कोणाची, या दोन गोष्टी फीत कापण्यापूर्वी ठरल्या नव्हत्या म्हणून. साताऱ्याला याचा अनुभव जुना आहे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदपत्रांसाठी आणि वस्तूंसाठी १९२५ च्या सुमारास साताऱ्यात संग्रहालय उभे राहिले, १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो नीट सांभाळला गेला, त्यामुळे तक्रार करण्यास जागा नाही, पण त्या संग्रहातील ज्या मेणवली दफ्तरासाठी, म्हणजे नाना फडणविसांच्या कागदपत्रांसाठी, अभ्यासक पुण्याला जातात ते दफ्तर ज्या वाड्यात होते तो नानांचा मेणवलीचा वाडा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. एका माणसाच्या ध्यासावर उभा राहिलेला संग्रह त्या माणसानंतर कोणी सांभाळायचा, हे आधी कागदावर असावे लागते.

तेव्हा पहिले काम कागदांचे. गावठाणाचे नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यावर आजोबा-पणजोबांची नावे अजून चालू असतील तर वारसनोंद आधी करून घ्यायला सांगा. वाडा सामायिक असेल, तर तयार असलेले दोघे फक्त आपल्या हिश्श्यापुरते बोलू शकतात. संपूर्ण वाड्याचा करार करायचा तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या हव्यात, आणि जे परदेशात आहेत त्यांनी तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवले तरी चालते. वाडा किंवा त्यातील देवघर एखाद्या देवस्थान न्यासाच्या नावावर असेल, तर तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे अनेकांना सह्या झाल्यावर कळते. न बोलणाऱ्या भावकीविषयी एक निरीक्षण नोंदवतो. त्यांचा विरोध संग्रहालयाला फारसा नसतो, ‘एकदा गावाच्या ताब्यात गेले की परत मिळणार नाही’ ही धास्ती असते. म्हणून मालकी मागू नका. मालकी घराण्याचीच राहील, गावाला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळेल, देवघर आणि त्यालगतची एक खोली कुळाचारासाठी घराण्याकडेच राहील आणि गौरी-गणपतीला व नवरात्रात त्यांना वाडा वापरता येईल, अशी कलमे घाला. मुदत २९ वर्षांच्या आसपास असावी, कारण त्याहून लहान मुदतीवर मोठी दुरुस्ती करायला कोणताही देणगीदार धजावत नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृतच असावा लागतो. किरकोळ रकमेच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेला करार अशा वेळी उपयोगाचा नाही, हे मंडळाच्या बैठकीत मोठ्याने सांगा.

करार कोणाच्या नावाने करायचा हा पुढचा मुद्दा. तरुण मंडळ उत्सवासाठी ठीक असते, परंतु त्याची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते आणि निवडणुकीच्या वर्षात फुटतेही. स्वतंत्र संस्था नोंदवा आणि तिच्या घटनेत वाड्याच्या घराण्याचा एक, ग्रामपंचायतीचा एक आणि शाळेचा एक असे पदसिद्ध सभासद ठेवा. महिलांचे आणि सर्व वाड्या-वस्त्यांचे प्रतिनिधित्वही लिखित असावे. संस्था विसर्जित झाली तर वस्तू कोठे जातील हे कलम विसरू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, कारण उद्या वाड्यासमोर गाळे काढण्याचा किंवा रस्ता रुंद करण्याचा विषय आला तर तोच ठराव हाताशी येतो.

हे चालू असताना पावसाळा थांबत नाही, म्हणून इमारतीचे काम समांतर सुरू करावे आणि ते वरून खाली असे करावे. जुना वाडा पडतो तो प्रथम छपरातून. एक कौल सरकते, पागोळी भिंतीच्या माथ्यावर पडू लागते, माथ्याची माती धुपते, आणि पाणी तुळईच्या त्या टोकापर्यंत पोहोचते जे भिंतीत शिरलेले असते. सागाची तुळई मध्यभागी शाबूत आणि भिंतीतील टोकाला पिठासारखी झालेली, हे दृश्य वाईपासून मिरजेपर्यंत सारखेच आहे. प्रत्येक तुळई टोकाजवळ हातोड्याने हलके ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव आहे, भद्द आवाज आला तर तेथे पेचकसाचे टोक दाबून किती आत जाते ते मोजा आणि खडूने खूण करा. कुजलेले टोक तेवढेच कापून जुन्या सागाचा तुकडा सांधून, पोलादी पट्टी व बोल्ट लावून तुळई वाचवता येते, आणि भिंतीत परत बसवताना तिच्या भोवती हवेसाठी थोडी फट ठेवली की वाळवीला व ओलीला वाव कमी राहतो. संपूर्ण तुळई बदलण्याचा आग्रह धरणारा कंत्राटदार बहुधा जुन्या सागाच्या भावाचा विचार करत असतो. पहिल्या वर्षी सगळे छप्पर दुरुस्त करणे परवडले नाही, तर मृगापूर्वी शाकारणी (कौले उतरवून नीट परत बसवणे) करून घ्या आणि जेथे वासेच गेले आहेत तेथे तात्पुरते पत्रे टाका. ते विद्रूप दिसतात म्हणून टाळू नका, गळणारे अस्सल छप्पर वाड्याच्या काहीच कामाचे नाही.

भिंतींच्या बाबतीत मात्र तात्पुरता उपाय घातक ठरतो, आणि तो उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा. तुमच्या वाड्याचे जोते काळ्या दगडाचे आणि वर भाजक्या विटा किंवा पांढरी माती व चुना असणार. अशी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून ती बाहेर टाकते. त्यावर सिमेंट चढवले की ओल आतच कोंडते, आणखी वर चढते आणि क्षार गिलाव्याच्या मागे साचत राहतात. चार-पाच पावसाळ्यांत भिंतीला लोणा लागतो, गिलाव्याचे पापुद्रे विटेचा भुगा घेऊनच सुटतात, आणि मंडळी म्हणतात की जुने बांधकामच कच्चे होते. असा गिलावा पूर्वी झाला असेल तर तो हलक्या छिन्नीने काढा, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या, बाहेरच्या बाजूने जोत्यालगत साचलेली माती व फरशी हटवून पाण्याला उतार करून द्या आणि मग चुन्याचे काम धरा. कळीचा चुना हौदात विरवून किमान काही आठवडे पाण्याखाली मुरवावा लागतो, त्यानंतर धुतलेली वाळू आणि विटांची सुर्खी (भुकटी) घालून तो चुन्याच्या घाण्यात किंवा यंत्रावर चांगला मळावा लागतो. गूळ, बेलफळाचा गर आणि भिजवलेली मेथी घालण्याची आपल्याकडची पद्धत आहे, गिलाव्यात ताग कापून घालतात. प्रमाण गवंड्याच्या हातावर न सोडता आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर रुंदीचे तीन-चार नमुने करून पाहावेत. चुना हवेतून सावकाश घट्ट होतो, त्याला तराई लागते आणि कडक ऊन सोसत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ याला उत्तम.

भिंतीला पोट सुटले असेल, म्हणजे दोन दर्शनी थरांमधील भर खचून बाहेरचा थर फुगला असेल, तर मात्र स्थानिक गवंड्यावर न थांबता संवर्धनाचा अनुभव असलेल्या स्थापत्य अभियंत्याला बोलवा. आपण कोयनेच्या परिसरात राहतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, साडेसहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप ज्या भिंतींनी सोसला त्यांत त्या वेळच्या भेगा अजून गिलाव्याखाली असू शकतात. दोन थर बांधणारे आरपार दगड बसवणे, भेगांत चुन्याचा पातळ रस भरणे, लाकडी सांगाड्याचे सांधे घट्ट करणे ही कामे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना देणगीदार मिळत नाही, तरी ती दर्शनी कामांच्या आधी व्हावीत. माडीवर काँक्रीटचा स्लॅब टाकून ‘मजबुती’ आणण्याची सूचना हमखास येईल. ते ओझे मातीच्या भिंती पेलणार नाहीत आणि धक्का बसला तर तोच स्लॅब वाडा खाली आणेल. विजेच्या तारा भिंतीत न गाडता वरून बसवलेल्या नळीतून, स्वतंत्र एमसीबीसह (बिघाड होताच वीज तोडणाऱ्या कळीसह) न्याव्यात आणि उत्सवाच्या माळा वाड्याच्या मीटरवरून कधीही घेऊ देऊ नयेत.

आता वस्तू. वस्तू घेण्यास कोठी तयार होईपर्यंत नकार द्या, फक्त यादी करा. एक जाड, पानांवर छापील क्रमांक असलेली नोंदवही घ्या आणि प्रत्येक वस्तूला एक ओळ नव्हे, अर्धे पान द्या. नमुना सांगतो. समजा एका घरातून धान्य मोजण्याची मापे आली: निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. ‘जुनी मापे, सात’ अशी नोंद केली तर ती कोणत्याही भंगाराच्या दुकानाची नोंद होईल. लाकडी की लोखंडी, कड्यांवर सरकारी शिक्का आहे का, कोणत्या मापाचा काठ झिजला आहे, घरात ती कोणाच्या हाती असत, बलुत्याचे धान्य यातूनच मोजले जाई का, चिपट्याने मोजून उसने दिलेले धान्य शीग लावून परत घेत की सपाट, हे देणाऱ्या आजीबाईंना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा आणि आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. प्रदर्शनात मुलांच्या हाती ज्वारी द्या. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट हे त्यांना फलक न वाचता कळते. वाड्याच्या संग्रहालयात तलवार आणि पगडी असतेच, परंतु तो वाडा ज्यांनी बांधला, शाकारला, त्याचे पाणी भरले, दळण दळले, त्यांची घरे आजही गावात आहेत, आणि त्यांना तेथे स्वतःचे काही दिसले नाही तर ते संग्रहालय एका घराण्याचे राहील. पूर्वीच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांना भाकरी पोहोचवणाऱ्या किती घरांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. त्यांची मुले आणि सुना अजून बोलू शकतात, तोवर तेही नोंदवा.

वस्तू देताना लोक ‘ठेवा तुमच्याकडे’ म्हणतात, आणि दहा वर्षांनी त्यांचा मुलगा ती परत मागतो. प्रत्येक वस्तूचे दानपत्र किंवा ठरावीक मुदतीचे उसनवारपत्र दोन प्रतींत करा. पितळेची भांडी चिंच लावून चकचकीत करण्याची हौस आवरा, कारण त्यांवर टोचलेली नावे आणि तिथी हाच त्यांचा इतिहास असतो व तो प्रत्येक घासणीबरोबर पुसट होतो. मोडी कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. आपल्या पूर्वजांची रुमालात बांधण्याची रीत योग्यच होती, फक्त कापड धुतलेले, बिनरंगाचे सुती घ्या आणि कडुनिंबाचा पाला कागदांत न ठेवता कपाटाच्या तळाशी ठेवा. बांधण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून एक प्रत गावाबाहेर ठेवा. लिपी वाचण्यासाठी राज्य पुराभिलेख विभागाच्या मोडी प्रशिक्षणाला गावातील दोन मुली-मुलांना पाठवणे हे बाहेरच्या वाचकाला मानधन देण्यापेक्षा दूरवर पुरते.

काही वस्तू आनंदाने स्वीकारण्याआधी थांबावे लागेल. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी झाली आहे का पाहा, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. दिवाणखान्यातील सांबराची शिंगे, वाघाचे कातडे, हस्तिदंती वस्तू वनविभागाच्या मालकी प्रमाणपत्राशिवाय हातात घेऊ नका. तोड्याची बंदूक आली तर पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करून उत्तर फाईलला लावा. भिंत उकरताना नाण्यांचा हंडा निघाला, आणि वाड्यांत असे घडते, तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

तुम्ही कृष्णाकाठी आहात, म्हणून सांगलीकरांचा अनुभव ध्यानात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तळमजल्यावर ठेवलेली दफ्तरे, ग्रंथ, वाद्ये वाचवायला कोणाला उसंत मिळाली नाही. तुमच्या वाड्यात २००५ आणि २०१९ च्या पाण्याची खूण कोठवर आली होती ते गावकऱ्यांना विचारून भिंतीवर तांबड्या रेषेने नोंदवा. कागद, कापड आणि लाकडी वाद्ये त्या रेषेच्या पुष्कळ वर, माडीवर ठेवा, तळमजल्यावर दगड, जाती, उखळ, मापे. भिजलेल्या कागदांवर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ती पाने एकेक सोडवण्याचा प्रयत्न न करता स्वच्छ कापडात गुंडाळून जितक्या लवकर गोठवता येतील तितके बरे. गोठवण्याची सोय नसेल तर तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहे आहेत, तेथील थंडीतही बुरशीची वाढ मंदावते आणि तज्ज्ञ येईपर्यंत वेळ मिळतो. अशा एखाद्या शीतगृहाच्या मालकाशी आजच बोलून ठेवायला खर्च येत नाही.

पुरातत्त्व खात्याविषयीचा तुमचा प्रश्न. राज्य संरक्षित स्मारक होण्यासाठी १९६० च्या राज्य कायद्याखाली प्रथम अधिसूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने मिळतात आणि मग अंतिम अधिसूचना येते. वाडा पाडला जाण्याचा खरा धोका असेल तर हा मार्ग जरूर धरावा. परंतु वारसदार अजून एकत्र आलेले नसताना गावाने परस्पर प्रस्ताव पाठवला, तर जे गप्प आहेत ते विरोधात जातील, आणि संरक्षण लागल्यावर प्रत्येक दुरुस्तीला परवानगी लागेल हेही खरे. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय आज राज्याकडे आहे, पण ते तेथील संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये मुद्दाम संग्रहालयासाठी बांधलेल्या इमारतीत, आधीच जमलेल्या मोठ्या संग्रहानिशी उभे होते. तुमच्या वाड्याची गोष्ट निराळी आहे. माझे मत असे की सध्या खात्याच्या पुणे विभागीय कार्यालयाला पाहणीचे निमंत्रण द्यावे, त्यांचा अहवाल मागावा, आणि ताबा गावाकडेच ठेवावा. तुम्हाला अधिक जवळचा दाखला पाचगणीजवळच्या भिलार गावाचा आहे. २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले ते शासनाच्या पुढाकाराने, पण पुस्तके लोकांच्या राहत्या घरांत ठेवली गेली आणि पाहुण्याला दार उघडणारा घरमालकच राहिला.

खर्चाबाबत थोडक्यात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत ऐतिहासिक इमारतींचे जतन बसते, मात्र त्यासाठी संस्थेला १२ए व ८०जी या नावांनी ओळखली जाणारी प्राप्तिकर खात्याची धर्मादाय संस्थांसाठीची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो, म्हणून पहिली तीन वर्षे तालुक्यातील एखाद्या जुन्या, नोंदणीकृत वाचनालयाबरोबर संयुक्त प्रकल्प करावा. वाई-मेणवली परिसरात चित्रीकरणासाठी वाडे आणि घाट मागणारे येतातच. ते उत्पन्न चांगले असते, पण खांबांना खिळे, भिंतींना रंग आणि जड दिवे टांगणे यांना करारात स्पष्ट मनाई, आगाऊ अनामत आणि संस्थेचा माणूस पूर्ण वेळ हजर, या अटी मान्य नसतील तर नाही म्हणा. गावकऱ्यांना प्रवेश विनामूल्य, बाहेरच्यांना माफक तिकीट, शाळांना आधी कळवल्यास सवलत. रोज उघडण्याचा हट्ट नको. शनिवार-रविवारी दहा ते पाच असे म्हटले तर पाऊस असो वा लग्नसराई, दहाला दार उघडले पाहिजे, आणि त्यासाठी गावातीलच एका बाईला किंवा बुवांना नियमित पगार द्या, मानधन नव्हे. येणाऱ्या प्रत्येक रुपयातील ठरावीक वाटा शाकारणीच्या स्वतंत्र खात्यात टाकला जावा आणि त्या खात्यावर वाड्याच्या घराण्यातील एकाची सही असावी. घराण्यातील जे अजून बोलत नाहीत, त्यांच्यापैकीच एकाला त्या सहीसाठी विचारून पाहा.